दोघांसाठी आठवड्याला ९०० रुपये: धान्य, डाळ, भाजी कशी बसवायची?

नवीन_बिऱ्हाड (मानेवाडा)

आम्ही दोघे, मूळचे भंडारा जिल्ह्यातले, नागपुरात भाड्याच्या खोलीत. मजुरी दर शनिवारी हातात येते, त्यातले ९०० रुपये खाण्यासाठी बाजूला काढतो. गॅस यात धरलेला नाही. एकाचं काम अंगमेहनतीचं, दुसऱ्याचं दिवसभर उभं राहून. अंडी चालतात, मटण-चिकन सध्या नाही. फ्रीज नाही, कूलर आहे. रेशनकार्ड गावी सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यात आमचीही नावं आहेत.

अडचण अशी की महिन्याचा किराणा एकदम भरायला पैसे नसतात, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव-पाव किलो आणतो. गुरुवारपर्यंत पैसे संपतात, मग दोन दिवस नुसता भात आणि आलूचा रस्सा. पोट भरतं, पण थकवा जात नाही. नेमकं किती काय आणायचं ते सांगा.

---

इतवारी_किराणा

ताई, आधी नेमका हिशोब. भाव रोज हलतात, म्हणून खालचे आकडे अंदाजाचे समजा. प्रमाण मात्र धरून ठेवा.

दोघांना आठवड्याला गहू ३ किलो (दळणासकट ११० रुपये), तांदूळ २ किलो (८०), ज्वारी १ किलो (दळणासकट ४५), तूरडाळ अर्धा किलो (६०), चणाडाळ पाव किलो (२२), मोट (मटकी), बरबटी (चवळी) किंवा गावरान हरभरे यांपैकी काहीही मिळून अर्धा किलो (४५), सोयावडी २०० ग्रॅम (२२), फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे पाव किलो (३३), तेल ३५० मिली (५०), गूळ पाव किलो (१२), अंडी १० (७०), मीठ, तिखट, हळद, चहापत्ती मिळून ४०. झाले ५८९. दूध रोज पाव लिटर धरा, आठवड्याचे १०० रुपये. भाजीपाल्याला १९०. बेरीज ८७९. उरलेल्या वीस रुपयांत लिंबं किंवा मोसमातलं एखादं फळ.

आता तुमची खरी अडचण, म्हणजे पाव-पाव किलोची. कोरड्या सामानाचे चार गट पाडा आणि दर शनिवारी एकच गट चार आठवड्यांचा भरा:

पहिला शनिवार: गहू १२ किलो, साधारण ४४०.
दुसरा: तांदूळ ८ किलो आणि तेल दीड लिटरच्या आत, ५२०.
तिसरा: तूरडाळ २ किलो, चणाडाळ १ किलो, कडधान्य २ किलो, ५१०.
चौथा: ज्वारी ४ किलो, सोयावडी ८०० ग्रॅम, दाणे १ किलो, गूळ १ किलो, ४५०.

अंडी आणि तिखट-मीठ दर आठवड्याला वेगळे, ११० रुपये. म्हणजे दर शनिवारचा खर्च जवळपास सारखाच राहतो आणि प्रत्येक वस्तू महिन्याच्या भावानं येते. पहिल्या महिन्यात मात्र ओढ लागेल. एक गट भरताना बाकीचं सामान अजून थोडं-थोडं आणावंच लागतं, त्यामुळे महिनाभरात मिळून सातशे रुपयांच्या आसपास जास्तीचे जातात. तेवढे नसतील तर सगळं एकदम सुरू करू नका. आधी फक्त डाळी-कडधान्याचा गट लावा, कारण पाकिटातल्या डाळीत आणि सुट्या डाळीत फरक सगळ्यात मोठा असतो. तो बसला की तेल-तांदूळ, मग बाकीचं.

खरेदी इतवारीत करा, दोन दुकानांत भाव विचारून. कळमन्याच्या नादी लागू नका, तिथे पोत्यानं घेणाऱ्याला फायदा. दोन किलोसाठी जाण्या-येण्याचं भाडंही निघत नाही.

तूरडाळ घेताना अख्खी फटका डाळच पाहिजे असं नाही. नागपुरात डाळमिल भरपूर, तिथली तुकडा डाळ म्हणजे चुरी स्वस्त पडते आणि वरणाला तीच चांगली, लवकर शिजते. फक्त घरी आल्यावर चाळा. खाली पावडर आणि माती फार निघाली तर त्या दुकानाचा स्वस्त भाव खोटा.

तेलात दोन गोष्टी बघा. १ लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास असतं. हल्ली लिटरच्या पाउचसारखीच दिसणारी ७५० आणि ८०० ग्रॅमची पाउचं येतात आणि ‘वीस रुपये स्वस्त’ म्हणून खपतात. पाउचवरचं वजन वाचून किलोचा भाव काढा. आणि सुटं तेल घेऊ नका, भेसळ ओळखायला काहीच मार्ग नसतो.

गहू १२ किलो आणला तरी दळण एका वेळी सहा किलोचंच. पावसाळ्यात तीनच.

---

आहार_नोंद

वरची यादी मोजून पाहिली. भाजी-दूध धरून माणशी दिवसाला २३०० कॅलरीच्या वर आणि प्रथिनं ७५ ग्रॅमच्या वर बसतात. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. तेव्हा या पैशांत पोषण बसत नाही ही भीती सोडा.

दहा रुपयांत किती प्रथिनं मिळतात ते वरच्याच भावांनी पाहा. सोयावडी ४७ ग्रॅम, गहू ३०, मोट २५, फल्लीदाणे १९, तूरडाळ १८, अंडी ९, दूध साडेपाच. यातली गंमत गव्हाची आहे. आपण पोळीला प्रथिनांत धरतच नाही, पण तुमच्या यादीत सगळ्यात जास्त प्रथिनं गव्हातूनच येतात. त्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं आणि डाळीत ते भरपूर असतं. म्हणून प्रत्येक जेवणात पोळी किंवा भाताबरोबर काहीतरी डाळीचं हवंच. गुरुवार-शुक्रवारचा भात आणि आलूचा रस्सा नेमका इथे मार खातो. दोन्ही पिष्ट, दोन्हीत प्रथिनं नावाला.

थकव्याला लोह कमी असणं हे एक कारण असू शकतं. पालेभाजी, गूळ, कडधान्य यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. जेवताना लिंबू पिळलं किंवा कच्चा टमाटर खाल्ला तर ते वाढतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर घटतं. चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. याला एक पैसा लागत नाही. महिनाभर नीट खाऊनही थकवा राहिला तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. फक्त खाण्यावर विसंबू नका.

अंडी आणि दूध महाग दिसतात म्हणून काटू नका. बी-१२ या यादीत त्या दोनच गोष्टींतून येतं.

---

भरडाभात

ताई, सामान आणणं निम्मं काम. खरं काम चुलीवर आहे. तेच सामान दोन घरी जाते, एका घरी चार दिवस पुरते, दुसऱ्या घरी आठ.

डाळभाजी आठवड्यातून दोनदा करा. १०० ग्रॅम तूरडाळ, मूठभर चणाडाळ, मूठभर फल्लीदाणे. चणाडाळ आणि दाणे दोन तास आधी भिजवा, नाहीतर तूर विरघळते आणि चणाडाळ कच्ची राहते. पालकाची एक जुडी चिरून वरून टाका, कुकरच्या चार शिट्ट्या. मग घोटा. आंबट चुका किंवा चिंच घालायची ती डाळ शिजल्यावर. आधी आंबट पडलं की डाळ दगडासारखी राहते, कितीही शिट्ट्या द्या. फोडणीला दोन चमचे तेल, भरपूर लसूण, लाल मिरची. दोघांना रात्रीला पुरते आणि सकाळच्या डब्यातही पोळीबरोबर जाते. हे उन्हाळा सोडून हो. मे महिन्यात रात्रीचं वरण सकाळी फेसाळते.

बोअरचं पाणी असेल तर डाळ नळाच्या पाण्यात शिजवा. जड पाण्यात डाळ शिजायला वेळ लागते, गॅस जास्त जाते. खायचा सोडा टाकून शिजवणारे आहेत, पण त्यानं बी-१ जीवनसत्त्व जाते. त्यापेक्षा अर्धा तास जास्त भिजवा.

कढी-गोळे. चणाडाळ १०० ग्रॅम चार तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, भरड वाटा. वाटताना पाण्याचा थेंब नको. मीठ, तिखट, जिरं, सांबार (कोथिंबीर) घालून लिंबाएवढे गोळे. कढी खळखळ उकळत असताना आधी एकच गोळा सोडून बघा. तो फुटला तर मिश्रणात चमचाभर बेसन घाला. कढी कोमट असताना गोळे टाकले की सगळं पिठलं होते. यात तळण नाही, भाजी नाही, आणि जेवण सणासारखं. दही नसेल तर चिंचेच्या पाण्यात करा.

सोयावडी नुसती रश्श्यात टाकली की वास मारते, म्हणून लोक एकदा आणून पुन्हा आणत नाहीत. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, थंड पाण्यात टाका, दाबून पिळा, आणि हे पिळणं दोनदा करा. मग मिक्सरमधून एक फेरा देऊन खिमा करा. एक कांदा, एक टमाटर, सावजी नाही पण साधा काळा मसाला. ५० ग्रॅम वडीत दोघांची भाजी होते. सावजी पद्धतीनं केली तर तिला आठवड्याचं निम्मं तेल एकटीला लागेल.

तेलाचं सांगते. शनिवारी ३५० मिली एका बाटलीत काढून ठेवा, मोठं पाउच वर ठेवून द्या. बाटलीवर खूण करा: बुधवारी अर्धं उरलं पाहिजे. डोळ्यानं ओतलं की दीडपट जाते.

---

नवीन_बिऱ्हाड

खूप उपयोगी. दोन प्रश्न. भाजी फ्रीजशिवाय किती दिवस टिकेल? आणि रेशन गावचं कार्ड असताना इथे मिळेल का, की नाव कापून इथे आणावं लागेल?

---

इतवारी_किराणा

नाव कापायची गरज नाही. ‘एक देश एक रेशनकार्ड’ खाली कोणत्याही रास्त भाव दुकानात कार्डाचा बारा अंकी नंबर किंवा आधार नंबर सांगून, अंगठा लावून धान्य मिळतं. मुख्य म्हणजे कुटुंबाचं धान्य वाटून घेता येतं. सासरे गावी त्यांच्या वाट्याचं घेतील, तुम्ही इथे तुमच्या दोघांचं. फक्त महिन्याच्या सुरुवातीला फोन करून ठरवा कोण किती उचलतं. गावी आधी सगळं उचललं गेलं तर इथल्या मशीनवर शिल्लक शून्य दाखवेल, मग दुकानदाराशी भांडून उपयोग नाही.

कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी महिन्याला ५ किलो, १ जानेवारी २०२३ पासून मोफत. अंत्योदय असेल तर हिशोब माणशी नसून कुटुंबाला ३५ किलो. दोघांचंही ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झालेलं असलं पाहिजे, ते इथल्या दुकानातही होतं.

दोघांचे १० किलो म्हणजे आठवड्याला अडीच किलोच्या जवळपास. वरच्या हिशोबातले ८०-९० रुपये सुटतात. ते तांदळात परत घालू नका. अंडी दहाची चौदा करा आणि उरलेल्यात फळ.

एक सूचना. रेशनच्या तांदळात कधी कधी काही दाणे वेगळे दिसतात, पिवळसर, पाण्यावर तरंगणारे. लोक ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून वेचून फेकतात. ते फोर्टिफाइड दाणे असतात, तांदळाच्याच पिठाचे, त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळलेलं असतं. वेचू नका. तांदूळ दोनदाच धुवा, आणि मोजक्या पाण्यात शिजवा, पेज काढून फेकू नका.

---

गच्चीवरचं_वाळवण

भाजीचं मी सांगतो.

आठवड्याचे १९० रुपये एका दिवशी संपवायचे नाहीत. फ्रीज नसताना दोन बाजार करा, १०० चा एक आणि ९० चा दुसरा. मानेवाड्याहून सक्करदऱ्याचा बुधवार बाजार जवळ आहे. संध्याकाळी उशिरा जा, माल बांधायच्या वेळेला पालेभाजीच्या जुड्या निम्म्या भावात देतात. पण त्या जुड्या त्याच रात्री निवडून दुसऱ्या दिवशी संपवायच्या, नाहीतर स्वस्त घेतलेलं नालीत जातं. शनिवार-रविवारी जमलं तर सकाळी कॉटन मार्केट. तिथे किलो-दोन किलोच्या वाट्यानं कांदे-आलू घ्या, शेजारच्या बिऱ्हाडाबरोबर वाटून घेतलं तर पाच किलोचाही भाव मिळतो. काटा शून्यावर आहे का ते बघूनच माल टाकू द्या.

बाजार आणल्यावर क्रम पाळा: पहिल्या दिवशी पालेभाजी आणि सांबार, दुसऱ्या दिवशी भेंडी, चवळीच्या शेंगा, तिसऱ्या दिवशी वांगी, ढेमसं. कोहळं (लाल भोपळा), आलू, कांदे शेवटी. अख्खं कोहळं महिनाभर राहतं, कापलेलं दोन दिवस. म्हणून कापलेली फोड लहानच घ्या.

कूलरचं लक्षात ठेवा, नागपुरात हीच चूक घरोघरी होते. कूलरच्या हवेत ओलावा असतो. पालेभाजी ओल्या कापडात गुंडाळून त्या हवेत ठेवली तर दुसऱ्या दिवशीही ताठ राहते. पण कांदे, लसूण, कणीक, डाळी त्या खोलीत उघड्या ठेवल्या तर कांद्यावर काळी बुरशी आणि कणकेत जाळी धरते. कणीक, डाळी दुसऱ्या कोपऱ्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात. कांदे-लसूण टोपलीत, आलूंपासून वेगळे.

मातीच्या दोन भांड्यांचं शीतपात्र कामाचं आहे. मोठ्या कुंडीत लहान मडकं, मधल्या जागेत रेती, रेतीला दिवसातून दोनदा पाणी, वर ओलं फडकं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टमाटर, मिरची, दही त्यात चांगलं राहतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा काही उपयोग होत नाही.

मोड आणायचे तर ऋतू बघा. मेमध्ये मोट सहा तास भिजवून निथळून फडक्यात बांधली की रात्रभरात मोड येतात. त्यापुढे ठेवली तर चिकट होऊन आंबूस वास येतो, मग फेकावीच लागते. मधे एकदा धुवून पुन्हा बांधा. डिसेंबर-जानेवारीत दीड दिवस लागतो, गॅसजवळ उबेला ठेवा.

आणि ऊन फुकट आहे. हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी स्वस्त होते तेव्हा सावलीत वाळवून ठेवा. टमाटर कवडीमोल होतो तेव्हा चकत्या करून, मीठ लावून, कडक उन्हात. पाल्याला उन्हात टाकलं तर रंग आणि जीवनसत्त्व दोन्ही जातं, टमाटराला सावलीत टाकलं तर बुरशी येते. उलटं करू नका. जूनमध्ये भाजी महागते तेव्हा ही वाळलेली मूठभर भाजी वरणात टाकली की निभतं.

पावसाच्या पहिल्या महिन्यात तरोट्याची (टाकळ्याची) कोवळी पानं मिळतात. बाजारातही जुडी स्वस्त असते. फुलं यायच्या आधीचीच घ्या, नंतर कडवट होते. नालीकाठची, रस्त्याकडेची तोडू नका.

---

आहार_नोंद

फळांचं राहिलं होतं. सफरचंदाकडे बघू नका. नोव्हेंबर ते जानेवारी आवळा आणि पेरू. अंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्या काळात लहान आकाराची, सालीवर डाग असलेली संत्री ढिगानं स्वस्त मिळतात, आत फरक काही नसतो. उन्हाळ्यात फळ परवडत नसेल तर लिंबू आणि कच्च्या कैरीवर भागवा.

आणखी एक सावधगिरी, विशेषतः तुम्ही भंडाऱ्याकडच्या म्हणून. गावाहून लाखोळी डाळ फुकट किंवा स्वस्त येते. अधूनमधून वडे, भाजी केली तर बिघडत नाही. पण पैसे संपले म्हणून महिनोन्महिने रोज तीच खाल्ली तर तिच्यातल्या ओडॅप या विषारी घटकामुळे पाय कायमचे लुळे पडू शकतात. यालाच लॅथिरिझम म्हणतात. कमी ओडॅपची वाणं आता आहेत, पण हातातली डाळ कोणती ते बघून कळत नाही. करायचीच तर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेका, पुन्हा भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी फेका. फारच स्वस्त बेसन दिसलं तर त्यात लाखोळी असण्याची शक्यता धरा. चणाडाळ आणून दळून घेतलेलं बरं.

---

भरडाभात

आणि गुरुवार-शुक्रवारचं. हातात पैसे नाहीत म्हणून भात-आलू करायची पाळी येऊ नये, त्यासाठी शनिवारीच दोन डबे भरून बाजूला ठेवा. एकात ८० ग्रॅम चणाडाळ आणि मूठभर वाळली भाजी. दुसऱ्यात ५० ग्रॅम सोयावडी आणि १०० ग्रॅम हरभरे. ते डबे गुरुवारच्या आधी उघडायचे नाहीत. दोन अंडीही काढून ठेवा, फक्त उन्हाळ्यात अंडी खोलीच्या सगळ्यात थंड जागी, पाण्याच्या माठाजवळ. शंका आली तर पाण्यात सोडा. तरंगलं ते फेका, बुडून उभं राहिलं ते आधी खा.

डब्यातली चणाडाळ बुधवारी रात्री भिजत घाला, सकाळी मोकळी डाळ होते. भरड वाटायची, मोहरी, हिंग, हिरवी मिरचीची फोडणी, झाकण ठेवून वाफ, वरून लिंबू. सोबत ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. ५० ग्रॅम जवस भाजून, मीठ-तिखट-लसूण घालून कुटलं की आठवडाभर जाते. मात्र जवस कुटून फार दिवस ठेवू नका, उन्हाळ्यात आठवड्यातच खवट होते.